धाब्यावर न चढता केलेला सर्वे

शहराच्या आराखड्यात पिवळा रंग म्हणजे राहण्याची वस्ती, निळा म्हणजे बाजार, हिरवा म्हणजे बाग नाहीतर शेती, आणि लाल रेघ म्हणजे होणारा रस्ता. हे रंग भरायचं काम मी अमरावतीत एका आर्किटेक्टकडे करत होतो. त्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो. माझ्याकडे डिप्लोमा होता, हात स्थिर होता आणि अक्षर मोत्यासारखं होतं. अक्कल या तिन्हींत येत नाही, हे कळायला मला अकोल्याला जावं लागलं.

कपाशीचे ते वाईट दिवस होते. रोजच्या पेपरात कुठल्या ना कुठल्या गावचं नाव यायचं आणि पहिलं पान वाचायला माणूस घाबरायचा. 'पॅकेज', 'पंचनामा', 'सर्वे' हे शब्द चहाच्या टपरीवर मीठ-मिरचीसारखे झाले होते. त्याच दिवसांत साहेबांना अकोल्याच्या जुन्या शहराच्या एका भागाचं काम मिळालं. नवे रस्ते आखायच्या आधी तिथल्या जुन्या वास्तूंची यादी करायची. काय आहे ते आधी बघायचं, मग काय करायचं ते ठरवायचं. हा विचार इतका शहाणपणाचा होता की मला तो सरकारी वाटेचना.

एका वास्तूला एक फॉर्म. वय, बांधकाम, स्थिती, महत्त्व, असे रकाने. मी तीन आठवडे सकाळच्या गाडीने अकोल्याला जात होतो आणि संध्याकाळी परत येत होतो. पहिल्याच आठवड्यात एका चौकातली नक्षीदार कमान मी 'बहुधा मोगलकालीन' म्हणून नोंदवली, फोटो काढला, उंची लिहिली. दुसऱ्या दिवशी गेलो तर दोन माणसं ती कमान हातगाडीवर घालून नेत होती. मंडपवाल्याची होती, प्लायवूडची. मी फॉर्म फाडला आणि ही गोष्ट साहेबांना सांगितली नाही. ते हे वाचत असतील तर त्यांना आज कळेल.

पण प्लायवूडच्या कमानीने कोणाचं घर गेलं नाही. ज्या चुकीने जाणार होतं, ती त्याच्या पुढच्या आठवड्यातली.

नाल्याकडे उतरत जाणारी एक गल्ली होती. एका बाजूला भिंतीला भिंत लागून धाब्याची घरं, म्हणजे सागाच्या कड्या, त्यांवर काटक्या-पाला आणि वर मातीचा थर दिलेली सपाट छपरं. गल्लीत गादी-रजई करणारी मुसलमान घरं होती, तशी दोन-तीन कास्तकारांचीही. मी गळ्यात कॅमेरा आणि काखेत फाइल घेऊन शिरलो, तसे लोक ओट्यावरून उठून उभे राहिले.

"सर्वे हाय काय, साहेब?" कोपऱ्यावरच्या घरातल्या भाऊंनी विचारलं. मूर्तिजापूरच्या बाजूला त्यांची काळी जमीन होती आणि त्या वर्षी कपाशी पाण्यात गेली होती.

"हो. सर्वे."

"सरकारी?"

मला कोणी 'साहेब' म्हटलं की माझ्या छातीत हवा भरते. "सरकारीच," मी म्हणालो.

एवढं एकच वाक्य अजून बोलायचं होतं: कशाचा सर्वे. ते बोललो नाही, कारण तेवढ्यात चहा आला, पाठोपाठ भजी आली. मागच्या पावसाळ्यातल्या पडझडीची मदत वाटायला माणूस आला, असा गल्लीचा समज झाला आणि माझा समज असा की जुन्या शहरातली माणसं फार अगत्यशील. दोघंही आपापल्या जागी खूश.

मग काय विचारता! प्रत्येक घरात मला नेमकी पडकी जागाच दाखवली गेली. ही फुगलेली भिंत, ही खचलेली मोरी, हा वाकलेला वासा. एका दारावर पोत्याचा पडदा होता. तो मी उचलून बघू लागलो तर, "तिकडं काई नाई बाप्पा, बकरी हाय," असं म्हणून मला वळवलं. गल्लीच्या तळाशी शेवटचं घर एका बाईंचं होतं. सारी गल्ली त्यांना आपा म्हणायची. साठीच्या, ठेंगण्या, ओढणीला कापसाचे कण चिकटलेले. चार बायका त्यांच्या घरी रजया टाचायला बसायच्या. मला बैठकीत न नेता आपांनी बाहेरून मागच्या न्हाणीत नेलं. तिथलं छप्पर खरोखर पडलं होतं.

"हे पाह्य, बेटा. बराबर लिव."

मी बरोबर लिहिलं. मोत्यासारख्या अक्षरात एकामागून एक फॉर्मवर: स्थिती – शिकस्त. महत्त्व – नाही. आपांच्या अंगणात एक दगडी विहीर होती. 'जुनी विहीर, बुजवण्यायोग्य'. छपरावर जायला प्रत्येक घराला जिना होता, पण भज्यांनंतर जिना चढायचा मला कंटाळा आला.

आमच्या यादीवरून प्रारूप आराखडा झाला आणि लोकांना पाहायला भिंतीवर लागला. शिकस्त घरांच्या गल्लीतून बारा मीटरचा रस्ता नेणं सगळ्यांत सोपं. ती लाल रेघ साहेबांनी ठरवली, पण ओढली मी. ती आपांच्या घरात शिरत होती आणि भाऊंच्या घरातून बाहेर पडत होती.

त्यानंतर एका दुपारी भाऊ आणि आपा थेट आमच्या अमरावतीच्या ऑफिसात आले. दारातून मला ती ओढणी दिसली आणि माझी पेन्सिल टेबलाखाली पडली. खरं सांगतो, मी ती पाच मिनिटं शोधत होतो.

"सापडली का?" वरून आपांचा आवाज आला. "नाई सापडली तं आमी बी वाकून पाह्यतो."

मी बाहेर आलो. भाऊंनी नकाशाची झेरॉक्स टेबलावर पसरली.

"हे तुमीच लिवलं ना?"

"हो."

"शिकस्त म्हंजे काय लिवलं?" आपांनी विचारलं.

"म्हणजे... पडायला आलेलं."

"आमाले वाटलं तुमी पैसे देऊन राह्यले. म्हून पडकं दाखोलं. अन् तुमी पाडाले आले होते! मंग सांगतलं काहून नाई?"

मी झेरॉक्सचा कोपरा सरळ करू लागलो. भाऊ म्हणाले, "काहून म्हंजे? भजे खाऊन राह्यले होते ना ते." त्यांना राग यायला हवा होता, पण दोघंही हसले आणि मला ते रागापेक्षा जड गेलं. मग आपांचा चेहरा बदलला. हरकती घ्यायला पाच दिवस उरले होते. "घर गेलं तं मी कुठी जाईन हे नाई इचारत. त्या चार बाया कुठी बसतीन? तू आला होता, तूच येऊन पाह्य. आता सबन दाखोतो."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पोत्याचा पडदा बाजूला झाला आणि आत बकरी नव्हती. सागाची चौकट होती, तिच्यावर कपाशीची बोंडं कोरलेली, काही मिटलेली, काही फुटलेली, आणि एका फुटलेल्या बोंडावर माशी बसलेली. सुताराने माशी कोरली होती! मी बोटाने हाकलायला गेलो. छपराच्या कडीवर मेळघाटातून लाकूड आणणाऱ्या गाडीवानांच्या खुणा होत्या, प्रत्येकाची वेगळी. आपांची बैठक मी पहिल्यांदा पाहिली. बाहेर मे महिना जाळत होता आणि आत रजया टाचणाऱ्या बायकांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"आता वर चाल," आपा म्हणाल्या.

भाऊंच्या घराचा जिना चढून मी धाब्यावर आलो आणि उभाच राहिलो. गल्लीत मला बावीस घरं दिसली होती. वरून एकही घर दिसेना. होतं ते एक लांबच लांब मातीचं अंगण, भाऊंच्या धाब्यापासून आपांच्या धाब्यापर्यंत, पांढुरकं, सलग, दर घरापाशी जरासं उतरत गेलेलं. मधल्या कठड्यांना खाली एकेक भोक आणि कडेने वीतभर रुंद चुन्याचा पाट, त्या भोकांतून या घराकडून त्या घराकडे गेलेला.

"पाणी," भाऊ म्हणाले. "साऱ्यायचं पाणी आपाच्या हिरीत जाते. मिरगाच्या आधी एक दिवस ठरवून समदे धाब्यावर माती टाकतो. जास्त नाई, कमी नाई, चार बोटं. एकानं जास्त टाकली का वरच्याचं पाणी अडते. मंग हे भांडन!"

"शिव्या बी ठरलेल्या हायत," आपा म्हणाल्या.

मी लेव्हल बघायची पाण्याची नळी सोबत नेली होती. एका धाब्यावरून दुसऱ्या धाब्यावर नळी लावत गेलो. उतार प्रत्येक घराला जवळजवळ तेवढाच. जवळजवळही नाही, तेवढाच. कोणाकडे दुर्बीण नव्हती, नकाशा नव्हता, बावीस घरं बांधायला किती पिढ्या गेल्या कोण जाणे. पण प्रत्येकाने आपलं घर बांधताना वरच्याचं पाणी घेतलं होतं आणि खालच्याला दिलं होतं. माझ्या डिप्लोम्याला हे धडा म्हणून नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला आणि मे महिन्यात आलेला काटा माणूस विसरत नाही.

आणि तरीही मी बोललोच: "पण पाणी खरंच खालपर्यंत पोचतं का?"

शेजारच्या धाब्यावर उन्हात वड्या घालणाऱ्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी नळी गुंडाळायला लागलो. त्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नव्हतं. घरोघरी पिंप, हंडे, टाक्या भरून ठेवलेल्या. भाऊ खाली गेले आणि घागर घेऊन वर आले.

"भाऊ, नको! मी सहज विचारलं."

"तुमी लिवून घेता ना? मंग पाहून लिवा."

त्यांनी पाटात घागर ओतली. पाणी धावलं, पहिल्या भोकातून गेलं, दुसऱ्या धाब्यावर मंदावलं आणि तिसऱ्याच्या मध्यावर तापलेल्या चुन्याने ते पिऊन टाकलं. ओली रेघ राहिली आणि डोळ्यांदेखत वाळायला लागली. मला वाटलं, झालं, माझ्या दुसऱ्या सर्वेतही हे नापास.

मग वड्या घालणारी बाई उठली. खाली गेली, हंडा घेऊन आली आणि रेघ जिथे सुकली होती तिथे ओतला. तिच्या पलीकडे कोणीतरी बादली आणली. त्याच्याही पलीकडे तांब्या. एका म्हाताऱ्या चाचांनी नमाजाआधीच्या वजूचा बधना, म्हणजे तोटीचा लोटा, आणला, ओतण्याआधी माझ्याकडे बघून म्हणाले, "लिख लो मियाँ, हमारा भी." धाब्याधाब्यावर माणसं उभी. पाणी पुढे चाललं होतं आणि प्रत्येक घर त्यात आपलं थोडं घालत होतं. मी पाटाच्या कडेने त्याच्यासोबत चालत होतो, कठडे ओलांडत, एकदा धडपडून गुडघा फोडून घेत. शेवटच्या धाब्यावर आपा पन्हळीजवळ वाकून उभ्या होत्या.

"आलं," त्या म्हणाल्या.

खाली विहिरीत बारीक आवाज झाला. चार बायका सुया तशाच हातात धरून अंगणात आल्या होत्या आणि विहिरीत बघत होत्या.

"किती पाणी वाया घालवलं मी तुमचं," मी म्हणालो.

"वाया कुठी? हिरीत तं गेलं," आपा म्हणाल्या. "उद्या समदे इथूनच नेतीन."

त्या रात्री मी ऑफिसात बसून सगळे फॉर्म पुन्हा लिहिले. सकाळी साहेबांना सांगितलं की आपला सर्वे चुकला आणि हे आपणच लिहून द्यायला हवं. साहेबांनी नवे फॉर्म एकेक करून वाचले. अशा कबुलीने पुढचं काम जातं, हे त्यांना माहीत होतं आणि त्याआधी माझी नोकरी जाते, हे मला. शेवटी म्हणाले, "लिही. आणि अक्षर जरा वाईट काढ. तुझ्या सुंदर अक्षरावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही."

सुनावणीला गल्ली निम्मी आली होती. अधिकाऱ्यांनी माझे दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले.

"तीन-चार महिन्यांत शिकस्त घर उत्तम कसं झालं? तेव्हा तुमचे डोळे कुठे होते?"

"खाली होते, साहेब. मी धाब्यावर चढलोच नव्हतो."

"का?"

मी आपांकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या. "भजी जास्त झाली होती," मी म्हणालो.

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी धाब्याचा लांब छेद काढलेला कागद पुढे ओढला, बावीस घरांचा उतार, खाली विहीर, आणि त्यावरून बोट फिरवत राहिले, एकदा, दोनदा. "हे एक घर आहे," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मधलं एक काढलं तर वरच्या सगळ्यांचं पाणी कुठे जाईल?" एवढंच मी चार पानं लिहून सांगितलं होतं.

दोन महिन्यांनी निर्णय आला. लाल रेघ गल्लीतून उचलून नाल्याच्या काठाने गेली. बावीस घरं, विहिरीसकट, एकच वास्तू म्हणून यादीत गेली. पत्र घेऊन मी स्वतः अकोल्याला गेलो आणि आपांच्या बैठकीत मोठ्याने वाचलं. पेढे वाटून झाल्यावर आपांनी विचारलं, "'मूळ स्वरूपात बदल करू नये' म्हंजे काय?"

"म्हणजे धाबं धाबंच ठेवायचं. स्लॅब टाकता येणार नाही."

"माय वं! पोरगं दोन साल झाले म्हणून राह्यलं, अम्मी, स्लॅब टाकू. आता त्याले काय सांगू?" आपांनी वरच्या कड्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. नाई टाकत. पन मंग माती कोन देईन? अवंदा निम्मी गल्ली बिनमातीची राह्यली. दोन पावसाळे माती नाई पडली का तू लिवलेलं खरं होते. शिकस्त."

"माती कुठून आणता?"

"पांढरीतून. नाल्यापलीकडं पांढऱ्या मातीचं टेकाड हाय ना, तिथून. आता तिथी खुंट्या ठोकून राह्यले, प्लॉटाच्या."

मी बॅगेतून आराखडा काढला. नाल्यापलीकडच्या पट्ट्यात आपांनी बोट ठेवलं. तिथे पिवळा रंग होता. माझ्याच हातचा, एकसारखा, एक ओघळ नसलेला. त्या जागेचा फॉर्मच नव्हता, कारण तिथे वास्तू नव्हती. रस्त्यावरून बघितलं होतं तेव्हा मातीचं टेकाड दिसलं आणि मी म्हटलं, पिवळा.

त्याच दुपारी भाऊंच्या मोटरसायकलवर मी आणि भाऊ गेलो. आपा ऑटोने टोपली घेऊन आल्या. जवळ गेल्यावर टेकाड दोन माणसं उंच होतं, एका बाजूने सरळ कापल्यासारखं. पोपडा पडून उघडी झालेली ती बाजू मी जवळून पाहिली. राखेचा थर. त्यावर पिवळसर जमीन, चांगली चोपलेली. त्यावर पुन्हा राख, खापरांचे तुकडे, काळे, लाल, काचेची एक निळी बांगडी अर्धी बाहेर आलेली. वर पुन्हा जमीन. एकावर एक चुली, एकावर एक घरं. मी टेकाडाला कान लावायचाच बाकी होतो. कोणतं गाव होतं, कधी होतं, कोणाला ठाऊक नाही. पण त्या गावाची मोडलेली घरं माणसं टोपलीने नेत होती आणि आपल्या छपरावर चार बोटं पसरत होती. गल्लीतल्या प्रत्येक धाब्यात ते गाव होतं. मी ज्या अंगणावर पाण्यामागे धावलो, ते हेच.

मग माझ्या लक्षात आलं की ही जागा यादीत घातली की कोणी इथे हात लावायचा नाही, आणि हात नाही लावला तर गल्ली गळते. एक वाचवावं तर दुसरं जातं. फॉर्म मांडीवर घेऊन मी खापरांसमोर बसलो आणि मला काही लिहिता येईना.

"आपा, तुम्ही इथे खणता ना?"

"तौबा! खनते कोन?" आपा टेकाडाच्या पायथ्याशी बसून हाताने माती टोपलीत ओढत होत्या. "कुदळ लावाची नाई. पाऊस पाडते, वारं पाडते, जे खाली पडलं ते नेवाचं. जुनी मानसं सांगून गेली. वर कबरी बी असतीन, देव बी असतीन, आपल्याले काय मालूम?"

भाऊ पलीकडच्या बाजूला गेले होते. तिथून त्यांनी हाक मारली. त्या बाजूला जेसीबीचे ताजे दात उमटले होते आणि दोन चुलींचे थर मधोमध तुटले होते. प्लॉटच्या खुंट्यांवर लाल रंग होता.

आराखडा मंजुरीला जायचा होता. अजून गेला नव्हता. मी तिथेच बसून फॉर्म भरला. वय – माहीत नाही. बांधकाम – अनेक गावांचं. स्थिती लिहिताना जेसीबीच्या दातांकडे बघितलं आणि खरं तेच लिहिलं. शेवटच्या रकान्यात आपांचं वाक्य जसंच्या तसं: कुदळ लावायची नाही, पडलेली माती न्यायची, ती धाब्यासाठीच. हा नियम आराखड्यात राहावा.

"साहेबाले इचाराले नाई पायजे का?" भाऊ म्हणाले.

"आधी सही करतो, मग विचारतो," मी म्हणालो.

आपांनी टोपली माझ्या डोक्यावर ठेवली. मातीचं एवढं वजन असतं हे मला माहीत नव्हतं. ऑटोपर्यंत जाईस्तोवर मी दोनदा थांबलो आणि आपा मागून ओरडत होत्या, "सांडू नको, बेटा! माह्या छपराची हाय ते."